खिडकीखालच्या फरशा

१

यशोधरानं लॅपटॉप सतरंजीवर पालथा घातला, तेव्हा तिची सासू उंबऱ्यात बसून कांद्याची पात निवडत होती. सुनेच्या हातात तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिसला आणि द्रौपदाबाईंचा हात थांबला.

"आता ह्याचं पोट फाडतीस व्हय?"

"फाडत नाय आत्या. मेमरी कमी पडतीय त्याला, ती वाढवतीय."

"मंजी इसरतंय?"

"इसरत नाय. एकदम सगळं मावत नाय त्याच्या डोक्यात."

"मंग माझ्यावानीच हाय की," म्हणून द्रौपदाबाई पुन्हा पातीकडे वळल्या.

बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या अंगाला, उसाच्या फडाला लागून त्यांचं घर होतं. पुढं स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागं, नंतर वाढवलेलं, पत्र्याचं स्वयंपाकघर. यशोधराचा नवरा राजरत्न मंचरला एका शीतगृहात सुपरवायझर होता. सकाळी मोटरसायकलवर निघायचा, दिवेलागणीला परतायचा. यशोधरा घरीच काम करायची. पुण्यातली एक कंपनी संगणकावरचे खेळ बनवायची आणि त्या खेळांतली घरं, जिने, खोल्या यशोधरा उभ्या करून द्यायची. खेळणारा त्या घरात शिरतो, दारं उघडतो, कोपऱ्याकोपऱ्यात डोकावतो. तेवढ्यासाठीच तिनं हा गेमिंगचा जाडजूड लॅपटॉप घेतला होता. त्याचा पंखा मिक्सरसारखा घोंघावायचा आणि कळांखालून तांबडा उजेड यायचा.

ह्या खेपेला कंपनीला गावाकडचं खरंखुरं घर हवं होतं. यशोधरानं दुसरं कुठलं घर शोधायचं? द्रौपदाबाई भाचीच्या लग्नाला तळेघरला गेल्या होत्या, राजरत्न कामावर होता. त्या दिवशी रिकाम्या घराचे तिनं फोननं शेकडो फोटो काढले. भिंती, फरशा, मांडणी, ओट्याखालचा अंधार, काही म्हणून सोडलं नाही. ते सगळे फोटो सांधून संगणक त्यांचं घर उभं करणार होता. पण लॅपटॉप दमला. पुढच्या दोन खोल्या कशाबशा उघडल्या, आणि स्वयंपाकघर मात्र उन्हात ठेवलेल्या मेणासारखं वितळलेलं दिसायला लागलं. म्हणून तिनं नारायणगावच्या दुकानातून जास्त ताकदीची मेमरी, म्हणजे रॅम, आणि फायली साठवायला मोठी एसएसडी आणली होती.

झाकणाचे स्क्रू तिनं वाटीत काढून ठेवले. अंगातली वीज आत उतरू नये म्हणून नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून आली. बॅटरीची वायर सोडवली. दोन्हीकडच्या क्लिपा दाबल्यावर रॅमच्या जुन्या पट्ट्या आपसूक वर आल्या. त्यांच्या जागी नव्या पट्ट्या तिरक्या सारून अंगठ्यानं दाबल्या. खट्ट वाजलं. शेजारच्या मोकळ्या खाचेत एसएसडी बसवून तिचा एवढासा स्क्रू आवळला, वायर लावली, झाकण घातलं आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. नवी मेमरी ओळखायला मशीन पहिल्या वेळी उशीर लावतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसणं तिला जड गेलं.

मग कळा तांबड्या झाल्या, पंखा घोंघावला आणि लॅपटॉप सुरू झाला.

२

घर पहिल्यांदाच अख्खं उघडलं.

यशोधरा खुळ्यासारखी हसत सुटली. एक कळ दाबून धरली की पडद्यावरून चालता येई. ती ओसरीवरून आत शिरली. बाहेरच्या खोलीतली बुद्धमूर्ती, तिच्यापुढची फोटोच्या दिवशीची फुलं, टीव्हीच्या वायरीचा गुंता, सगळं जागच्या जागी होतं. पावलांना आवाजही होता. तो तिनं आपल्याच घरात रेकॉर्ड केला होता. अनवाणी पायांचा फरशीवरचा आवाज, साधा, थपथप. तेवढा एकच आवाज तिनं सगळ्या घराला लावला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. आता तिथलं काही म्हणजे काही वितळलेलं नव्हतं. ओट्याच्या कडेचा टवका दिसत होता. भिंतीवरचा हळदीच्या बोटांचा डाग दिसत होता. मांडणीतल्या पितळी डब्यावर कोरलेलं सासऱ्यांचं नाव वाचता येत होतं. तिनं लगेच राजरत्नला फोन लावला.

"अहो, डब्यावरचं नाव वाचता येतंय!"

"मंग मी येतो तवर वाचून ठेव," तो म्हणाला. त्याच्या मागं ट्रक लागल्याचा गलका ऐकू येत होता.

फोन ठेवून ती पुन्हा पडद्यावर चालायला लागली. मांडणीपाशी थपथप. ओट्यापाशी थपथप. मग ती खिडकीखाली गेली, आणि तिथं पाऊल निराळं वाजलं.

रिकाम्या पिंपावर हात मारावा तसा तो आवाज होता. खोल, आणि मागं लांबत जाणारा.

यशोधरानं कळ सोडली. पुन्हा दाबली. एक पाऊल मागं, थप. एक पाऊल पुढं, आणि पुन्हा तसाच. जणू पाऊल फरशीवर पडत होतं आणि त्याचा आवाज बराच खाली जाऊन तिथून परत वर येत होता.

ती खिडकीखालची जागा द्रौपदाबाईंची होती. रोज तिथं पाट टाकून, पुढं विळी घेऊन त्या भाजी चिरायला बसत. खिडकीतून उजेड येई, वारा येई, येणारं-जाणारं माणूस दिसे.

३

संगणकाच्या कामात भुतं नसतात, चुका असतात, असं यशोधराचं मत होतं. तिनं चूक शोधायला घेतली. आवाज घुमवायची सोय कुठं चुकून चालू राहिली असेल म्हणून सगळी सेटिंग्ज तपासली. काहीच चालू नव्हतं. आवाजाची फाइल एकच होती, आणि ती नुसती वाजवली तर साधी थपथप वाजत होती.

नवी रॅम बिघडलेली असेल, असंही मनात आलं. बिघडलेली मेमरी काहीच्या बाही करते. तिनं तपासणी लावली. ती तासन्‌तास चालली आणि एकही दोष निघाला नाही. मग तिनं पुन्हा झाकण उघडलं, नव्या पट्ट्या काढून जुन्या बसवल्या. स्वयंपाकघर परत मेणासारखं झालं आणि खिडकीखाली पाऊल नुसतं थप वाजलं. नव्या पट्ट्या बसवल्या. भिंती लख्ख झाल्या, आणि तो आवाज परत आला.

राजरत्नला सुट्टी होती त्या दिवशी तिनं त्याला समोर बसवून ऐकवलं. त्यानं मान तिरकी करून ऐकलं, स्वतः कळ दाबून दोनदा चालून पाहिलं.

"येतोय खरा आवाज," तो म्हणाला. "पर यशो, स्पीकर फाटला असंल. न्हाईतर तुझा कान. किती दिवस झालं, उठल्यापासनं हेच करतीस."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. तरी तो बाहेर गेल्यावर तिनं वरवंटा उचलला आणि खऱ्या स्वयंपाकघरात खऱ्या फरशीवर हलकेच ठोकून पाहिलं. मांडणीपाशी ठक्क. ओट्यापाशी ठक्क. खिडकीखालीही तसंच, भरीव, ठक्क.

"काय ठोकतीस गं?" द्रौपदाबाई मागून म्हणाल्या.

"काय नाय. फरशी निघालीय का बघत व्हते." मग तिनं जमेल तितक्या सहज विचारलं, "आत्या, हितं आधी काय होतं? स्वयंपाकघर बांधायच्या आधी?"

"आड व्हता की." द्रौपदाबाईंनी खिडकीखाली बोट केलं. "माझ्या सासऱ्यानं खणलेला. तवा गावच्या इहिरीवर आपल्याला हात लावू देत न्हवते. मंग त्यांनी अन्‌ त्यांच्या भावानं आपल्या दारातच खणला. समदी वस्ती पाणी न्यायची. मी नवरी व्हऊन आले ती पयली घागर हितंच भरली. फुडं नळ आला, पाणी कोण शेंदतंय? उघडा आड, पोरं खेळणार. मंग ह्यांनी बुजवला."

"नीट बुजवला होता ना?"

"ट्राल्या लावल्या व्हत्या मुरमाच्या. शेजारच्या गेणभाऊला इचार, त्यानंच तर टाकला. का गं?"

"काय नाय," यशोधरा म्हणाली.

बुजवलेला आड. त्यावर इतकी वर्षं उभं असलेलं स्वयंपाकघर. फोटोत फक्त वरची फरशी येते, फरशीखालचं काही येत नाही. हे तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं, आणि दर वेळी ते पटलं. पटत होतं तरी त्या दिवसापासून पाणी प्यायला जाताना तिचे पाय आपोआप खिडकीखालची जागा टाळून भिंतीकडून जायला लागले.

४

मग पडद्यावरची फरशी खचायला लागली.

आधी तिला वाटलं, आपल्या डोळ्यांवर ताण आलाय. खिडकीखालच्या फरशांच्या सरळ रेघा मधोमध किंचित वाकल्या होत्या, भरल्या पोत्यावर कुणी बसून उठावं तशा. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा खळगा स्पष्ट दिसत होता. तिनं ते अख्खं घर पुसून टाकलं आणि मूळ फोटो घेऊन पहिल्यापासून नव्यानं सांधलं. फोटो एकेक करून पाहिले. प्रत्येक फोटोत फरशी सपाट, आरशासारखी. नवं घर तयार झालं, उघडलं, आणि खिडकीखाली खळगा होता. कालच्याहून खोल.

तिनं जाऊन खऱ्या फरशीवर गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. पाणी ओतलं. पाण्याचं थारोळं जसं पसरायला हवं तसंच पसरलं.

"सकाळधरनं तिसऱ्यांदा फरशी पुसतीस," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पाव्हणं येणार हायेत का?"

"आत्या, तुमी थोडे दिवस पुढच्या खोलीत बसा ना भाजी निवडायला. तिथं पंखा हाय."

"मला कशाला पंखा? माझी जागा बरी हाय."

"तिथं वल येतीय फरशीला. संधिवात व्हईल."

"इतकी वर्सं झाला न्हाई तो आता व्हतोय?" द्रौपदाबाई हसल्या आणि तिथंच पाट टाकून बसल्या. विळीवर दुधी चिरण्याचा करकर आवाज येत राहिला आणि यशोधरा दारात उभी राहून त्यांच्या पाटाखालच्या फरशीकडे बघत राहिली. फरशी फरशीसारखी होती. सासू सासूसारखी होती. बिघडलेलं असलंच तर एकच होतं, आणि ते दारात उभं होतं.

राजरत्नला तिनं हे पुढचं काही सांगितलं नाही. काय सांगणार? लॅपटॉपला मेमरी वाढवली आणि त्याला जास्तीचं दिसायला लागलं, असं? कंपनीला घर द्यायची वेळ जवळ येत होती. तिनं ठरवलं की पडद्यावरच्या स्वयंपाकघराची फरशी कापून टाकायची, तिथं कुठलीही दुसरी फरशी चिकटवायची आणि हे प्रकरण मिटवायचं.

५

दुपार कलती झाली होती. वीज गेलेली, त्यामुळे पंखे बंद होते आणि फडावरून येणारी उसाची सळसळ घरात ऐकू येत होती. द्रौपदाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. यशोधरा बाहेरच्या खोलीत बॅटरीवर काम करत बसली. घर उघडलं. ओसरी, खोली, मधलं दार. थपथप करत ती पडद्यावरच्या स्वयंपाकघरात शिरली.

खिडकीखाली फरशी नव्हती.

खळगाही नव्हता. गोल, काळं तोंड होतं. कडेनं दगड होते, घडवलेले, एकावर एक नीट बसवलेले, आतल्या अंगाला शेवाळानं काळेभोर. असे दगड तिनं जन्मात पाहिले नव्हते आणि त्यांचा फोटो काढायचा प्रश्नच नव्हता.

बंद करावं, एवढंच खरं तर करायचं होतं. पण बोट कळेवर होतं आणि बोटानं कळ दाबली. कडेपर्यंत गेल्यावर तिनं नजर खाली वळवली.

बरंच खाली पाणी होतं. पाण्यात खिडकीचा उजेडाचा चौकोन पडला होता आणि तो हलत होता. ह्या घरात हलणारी एकही गोष्ट तिनं घातलेली नव्हती. स्पीकरमधून एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

आणि त्या उजेडाच्या चौकोनात कुणीतरी होतं.

डोक्यावर पदर घेतलेलं, काठावरून खाली वाकून बघावं तसं. पाठीमागून उजेड असल्यानं चेहरा कळत नव्हता. पण यशोधरा तर काठाशी एकटी होती. फोटो काढले तेव्हा घरात दुसरं कुणीसुद्धा नव्हतं. पाणी थरथरलं, आकृती मोडली, पुन्हा जुळली. त्या आकृतीनं एक हात वर उचलला. मनगट खाली सोडलं आणि बोटं हलवली, पुढं-मागं, पुढं-मागं.

तो हात यशोधराला जवळ बोलावत होता की लांब हाकलत होता? दोन्हीला माणूस हात तसाच हलवतो. ती बघत राहिली. हात हलत राहिला, आधीपेक्षा घाईनं, आणखी घाईनं, हातात वेळ कमी असल्यासारखा.

तिनं फाडकन लॅपटॉप मिटला.

लॅपटॉपचा पंखा थांबला. घर एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात मागच्या बाजूला पावलं वाजली. द्रौपदाबाई अंगणातून आत येत होत्या. थप. थप. मग एक पाऊल खोल वाजलं, आणि त्याचा आवाज खाली जाऊन परत आला.

लॅपटॉप मिटलेला होता.

६

"आत्या!"

"काय गं? केवढ्यांदा वरडतीस!"

यशोधरा मधल्या दारात पोचली तेव्हा द्रौपदाबाई पाट टाकून बसायच्या बेतात होत्या. एका हातात विळी, दुसऱ्यात गवारीची टोपली. खाली फरशी जशीच्या तशी होती. काय सांगावं? उठा, तिथं आड आहे? त्या म्हणाल्या असत्या, आड तर मीच तुला सांगितला. बिबट्या आलाय म्हणून ओरडावं, तर त्यांनी आतून कडी लावून घेतली असती आणि तिथंच बसून राहिल्या असत्या. एवढं सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि तोंडातून भलतंच आलं.

"शेळी सुटली! आत्या, तुमची शेळी गेणभाऊंच्या घासात शिरली! कवाची खातीय!"

हिरवा लसूणघास पोटभर खाल्लेली शेळी फुगून मरते हे त्या घरात कुणाला सांगायला नको होतं. द्रौपदाबाईंनी विळी टाकली, टोपली टाकली, पदर खोचला आणि ह्या वयात कुणाला खरं वाटू नये अशा झपाट्यानं मागच्या दारानं बाहेर पडल्या. "हाड! हाड! तुझ्या मी..." त्यांचा आवाज गोठ्याच्या वळणावर गेला.

यशोधरा मधल्या दारात चौकट धरून उभी होती. टोपलीतून सांडलेली गवारीची एक शेंग फरशीवर पडली होती. ती हळूच एका अंगानं वळली. मग घरंगळली, खिडकीकडे. तिच्यामागून दुसरी.

"आगं ए!" बाहेरून द्रौपदाबाई संतापून ओरडल्या. "शेळी तर दाव्याला हाय! डोळं फुटलं का तुझं? येतेच मी, थांब!"

"येऊ नका!" यशोधरा किंचाळली. "आत्या, आत येऊ नका!"

आवाज मोठा झालाच नाही. हे ती पुढं नेहमी सांगायची. छप्पर पडल्यासारखा धडाका नव्हता. म्हाताऱ्या माणसानं बसताना सोडावा तसा एक सुस्कारा आला, आणि खिडकीखालच्या फरशा, पाट, विळी, टोपली, सगळं खाली गेलं. मागोमाग ओट्याचं टोक गेलं. मांडणी कलली आणि पितळी डबे एकेक करत त्या भोकात उतरले. त्यांचा आवाज खूप उशिरानं आला, पाण्यात पडल्याचा.

थंड हवा वर आली. तिला शेवाळाचा वास होता.

मागच्या दारात द्रौपदाबाई उभ्या होत्या. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकायला उचललेला. तो त्यांनी हळूच मागं घेतला.

दोघी त्या गोल काळ्या तोंडाच्या दोन्हीकडून एकमेकींकडे बघत राहिल्या.

"गॅस," द्रौपदाबाई पुटपुटल्या. "गॅस मी बंद केलाय."

"बरं केलंत," यशोधरा म्हणाली, आणि तिथंच चौकटीत खाली बसून रडायला लागली.

७

गेणभाऊ दोर घेऊन पळत आले. शेजारच्याच रानातले, सासऱ्यांच्या बरोबरीचे. त्यांनी पोरीबाळींना मागं सारून यशोधराला आधी अंगणात आणलं, पाणी पाजलं, मग भिंतीला धरून आत बॅटरीचा झोत टाकला.

"ऑ?" ते म्हणाले. पुन्हा झोत टाकला. "आरं, पर मुरूम कुठं गेला?"

"कसला मुरूम?" कुणीतरी विचारलं.

"मी टाकलेला! ट्रालीवर ट्राली वतली राव हितं, पार तोंडापतोर. वरनं धुमुस मारून दाबला. कुठं गेला त्यो?" त्यांनी एक खडा आत टाकला. सगळे कान देऊन थांबले. मग डुबुक झालं. गेणभाऊंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. खालून पाण्यानं माती ओढून नेली असंल, असं पुढं जो तो म्हणाला, आणि तसंच असणार. पण तेवढी सगळी माती गेली कुठं, हे कुणाला सांगता आलं नाही.

राजरत्न आला तेव्हा ओसरीवर निम्मी वस्ती बसली होती. त्यानं मोटरसायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकली. आईला बघितलं, बायकोला बघितलं, मग जाऊन ते भोक बघून आला आणि दोघींच्या मध्ये पायरीवर बसला.

"आई, तू तिथं न्हवतीस?"

"बसतच व्हते रं. ही म्हनली शेळी सुटली." द्रौपदाबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. "खोटं बोलली. माझी शेळी कवा दावं तोडत न्हाई."

"यशो, तुला कसं कळलं?"

यशोधरानं तोंड उघडलं. हात, पाणी, खिडकीचा चौकोन. "फरशी वाजत होती," ती म्हणाली. "मी तुमाला ऐकवलं होतं की."

राजरत्ननं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आन्‌ मी म्हनलो, स्पीकर फाटला असंल." तो हसायला लागला, त्या हसण्याला हुंदका चिकटलेला होता, आणि मग ओसरीवरचे सगळेच हसायला लागले. दगड उचलून बाजूला ठेवावा तसं यशोधराला छातीत हलकं वाटलं.

तेवढ्यात वस्तीतली दोन-तीन लहानगी घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेली, आत डोकावायला. द्रौपदाबाईंनी बसल्या जागेवरून बघितलं आणि त्या ताडकन उठल्या. डोक्यावर पदर सावरला. हात वर केला, मनगट खाली सोडलं आणि बोटं हलवली, पुढं-मागं, घाईघाईनं.

"व्हा मागं! मागं व्हा! आडाच्या तोंडाला जायाचं न्हाई!"

पोरं मागं सरली. पाण्यातला हातही असाच हलला होता. यशोधरा सासूच्या त्या हाताकडे बघत राहिली. मग उठली, जाऊन द्रौपदाबाईंच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं तो हात आपल्या हातात घेतला. हात गरम होता. भांडी घासल्याची राख अजून नखांत होती.

"काय गं?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"काय नाय. राहू द्या असाच."

८

यशोधरानं कंपनीला पुढच्या दोन खोल्याच दिल्या. स्वयंपाकघर मागितलं तेव्हा पडलं म्हणून सांगितलं, आणि पडलेल्या ओट्याचा फोटो पाठवला. लॅपटॉपमधली रॅम तिनं तशीच ठेवली. तिच्यात दोष नव्हता हे तिनंच तपासलं होतं. मात्र ते घर पुसायच्या आधी एकदा तिनं ते उघडलं, भर सकाळी, राजरत्नला शेजारी बसवून. खिडकीखालच्या फरशा सपाट होत्या. पाऊल थप वाजलं. ती तिथं पुन्हा पुन्हा चालली, अगदी राजरत्न कंटाळेपर्यंत, आणि दर वेळी थप वाजलं. मग तिनं ते पुसून टाकलं.

पत्रे उतरवले, उरलेल्या भिंती पाडल्या. नवं स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या अंगाला काढायचं ठरलं. आडाचं काय करायचं, ह्यावर ओसरीवर बरीच चर्चा झाली. ह्या खेपेला सिमेंट ओतू, असं गेणभाऊंचं म्हणणं होतं. स्लॅब टाकू, असं राजरत्न म्हणाला. दोघांचं बोलून झाल्यावर द्रौपदाबाई बोलल्या.

"बुजवायचा न्हाई. कठडा बांधा चांगला छातीएवढा. वरनं जाळी टाका. पर त्यो आता उघडा ऱ्हाऊ द्या."

"आई, कशाला पर?"

"कशाला मंजी? आपला हाय त्यो."

कठडा झाला, बादलीपुरती झडप ठेवून जाळी बसली, गेणभाऊंनी कुठून तरी एक जुना रहाट पैदा केला. पाणी उपसून उपसून आधी गढूळ आलं, मग नितळ यायला लागलं. तपासायला दिलेलं पाणी पिण्याजोगं निघाल्यावर राजरत्ननं पहिली बादली शेंदली. उन्हात बादलीतलं पाणी निळसर दिसत होतं. यशोधरानं त्यात वाकून पाहिलं, बराच वेळ. आभाळ होतं. कडेला तिचं स्वतःचं तोंड होतं, आणि ती हलली की तेही हलत होतं.

द्रौपदाबाईंनी तांब्या बुडवून भरला, दोन घोट घेतले आणि डोळे मिटून थांबल्या.

"कसं हाय आत्या?"

"घे की. पिऊन बघ."

यशोधरानं तांब्या हातात घेतला. तो बाहेरून ओला आणि गार होता. तिनं तोंडाला लावला. पाणी दातांना झोंबण्याइतकं थंड होतं, आणि गोड. तिनं सगळं पिऊन टाकलं, आणि रिकामा तांब्या पुढं केला.